कान देतो कोणाला?

मला ऐकता येत नाही, असं म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. बोलता येत नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात. माईक हातात दिला की पाय लटपटतात, व्याह्यांसमोर तोंड उघडत नाही, साहेबासमोर शब्द फुटत नाही. ऐकण्याबद्दल मात्र प्रत्येकाला स्वतःची खात्री असते. त्याला कारणही आहे. आपण कसं बोललो ते आपल्याच कानावर पडतं. आपण कसं ऐकलं ते फक्त समोरच्याला कळतं, आणि तो ते सांगत नाही. पुढच्या वेळी तो थोडं कमी बोलतो, एवढंच.

सिन्नरमधल्या कुठल्याही बँकेत पीककर्जाच्या टेबलासमोर बसलेला माणूस पाहा. साहेब कागदात डोकं घालून पुटपुटत असले तरी त्याला सगळं कळतं. सातबारा ताजा हवा, आठ-अ जोडायचा, सोसायटीचा बेबाकी दाखला आणायचा. तो पुढे झुकलेला असतो. मध्ये बोलत नाही. कळलं नाही ते पुन्हा विचारतो, आणि बाहेर येऊन सोबत्याला शब्दन्‌शब्द सांगतो. हाच माणूस संध्याकाळी घरी असतो तेव्हा बायको सांगते की धाकट्याच्या शाळेतून बोलावणं आलंय. तो मान हलवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारतो, ‘कसलं बोलावणं? मला कुठं सांगितलंस?’

म्हणजे ऐकण्याची कला त्याला अवगत आहे. कान कोणाला द्यायचे, हे त्याने न ठरवता ठरवून टाकलंय. आपल्यातल्या बहुतेकांचं असंच असतं. ऐकणं वरच्या दिशेने चांगलं होतं, म्हणजे साहेब, डॉक्टर, सरपंच, सासरे, कर्ज देणारा. खालच्या दिशेने ते पातळ होत जातं, म्हणजे बायको, पोरं, गडी, सून, म्हातारी आई. सुनेला तर दिवसभर सगळ्यांचं ऐकावंच लागतं. तिला ऐकण्यावरचा लेख वाचायला देणं हा विनोदच होईल.

तेव्हा स्वतःचं ऐकणं तपासायचं असेल तर सुरुवात माणसांपासून करा. रात्री पडण्याआधी दिवसभरात ज्यांच्याशी बोलणं झालं असे पाच-सहा जण आठवा. शिफ्टमधला सोबती, सुपरवायझर, दूध घालणारा, आई, नवरा किंवा बायको, मधलं पोर. प्रत्येकाच्या नावापुढे एकच गोष्ट लिहायची, आज त्याच्याकडून मला काय नवं कळलं. सुपरवायझरच्या नावापुढे चटकन काहीतरी येईल, कारण ते न कळून चालतच नाही. एखाद्या नावापुढची जागा रिकामी राहील. त्या दिवशी त्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसेलही. पण आठवडाभर एकाच नावापुढे काही लिहिता आलं नाही, तर त्या घरात, त्या माणसाच्या आयुष्यात आठ दिवस काहीच घडलं नाही असं होत नाही. हे वहीत लिहूनच करा. मनातल्या मनात घेतलेल्या चौकशीचा निकाल नेहमी आपल्याच बाजूने लागतो.

लिहिण्याचा आणखी एक फायदा असतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या राल्फ निकोल्स यांनी ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्यांचं निरीक्षण १९५७ साली प्रसिद्ध झालं. भाषण संपल्यावर लगेच विचारलं तरी माणसाला ऐकलेल्यातलं साधारण निम्मंच आठवतं, आणि दोन महिन्यांनी पाव. हे चाचणीसाठी ऐकायला बसलेल्यांचं. ताट वाढता वाढता, टीव्ही चालू असताना कानावर पडलेल्याचं काय होत असेल, त्याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून फोन ठेवल्यावर दोन ओळी खरडून ठेवायची सवय उपयोगी पडते. बहिणीने सांगितलं होतं की गुडघ्याचा एक्स-रे काढायचाय. पुढच्या फोनला पहिलं वाक्य ‘एक्स-रे काढला का?’ असं असलं, तर मागच्या वेळी ऐकलं होतं हे तिला वेगळं सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष बोलणं चालू असताना काय होतं ते पाहू. सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, वावी-पाथऱ्याकडे पाऊस कमी आणि पाण्याचा विषय बारमाही. तिकडे पारावर कधीही ऐकू येईल असं हे बोलणं.

‘चारशे फूट गेलो, नुसता फुफाटा उडाला.’

‘आरे, आमचे तर दोन बोअर कोरडे गेले. एक मागल्या साली, एक औंदा. गाडीवाल्याने वर पैसे...’

आणि मग पुढची दहा मिनिटं दुसऱ्याचे दोन बोअर. पहिल्याचा बोअर एका वाक्यात बुजला. पैसे कुठून काढले, डाळिंबाची बाग आता टँकरवर जगवायची की तोडायची, घरात काय चाललंय, हे सगळं त्याच्या पोटात राहिलं. चार्ल्स डर्बर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ च्या आपल्या पुस्तकात संभाषणातल्या अशा उत्तरांचे दोन प्रकार केले. एक बोलणं स्वतःकडे ओढून नेणारं, दुसरं बोलणाऱ्याला पुढे नेणारं. ‘आमचे तर दोन’ हा पहिला प्रकार. ‘मग बागेचं काय ठरवलंस?’ हा दुसरा. दिवसभरात आपल्या तोंडून कुठला प्रकार जास्त निघतो ते पाहणं, ही स्वतःच्या तपासणीतली सर्वांत सोपी आणि सर्वांत टोचणारी पायरी.

मात्र आपल्याकडे याला एक पोटकलम जोडावं लागतं. ‘आमचंही तसंच झालं’ हे आपल्या गावांत पुष्कळदा सांत्वन असतं. मयताच्या घरी भेटायला आलेली बाई आपल्या घरातलं मरण सांगते, ते समोरच्याचं दुःख हिसकावून घ्यायला नाही. तू एकटी नाहीस, एवढंच तिला सांगायचं असतं. त्यामुळे स्वतःचं काही सांगूच नका, असा नियम मी घालणार नाही. आपलं सांगा, दोन वाक्यांत आटपा आणि बोलणं पुन्हा ज्याचं त्याच्या हाती द्या. परत दिलं की नाही, यावरच सगळं ठरतं.

आणखी एक प्रकार डर्बरच्या दोन्ही खणांत नीट बसत नाही. ‘पाणाड्या कोण आणला होता?’ हा वरवर प्रश्न आहे. ऐकणाऱ्याला मात्र त्यातला निकाल ऐकू येतो, की चूक तुझीच. ‘तरी मी तुला म्हणत होतो’ याचाच हा सभ्य अवतार. प्रश्न विचारला म्हणजे आपण ऐकलं, अशी समजूत असेल तर आपलेच प्रश्न एकदा तपासा. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं वाटतं, तो प्रश्न बहुधा उलटतपासणीचा असतो.

मध्येच तोडण्याबद्दल थोडं. यात सगळा दोष स्वभावाचा नाही. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये दहा भाषांतली बोलणी तपासली. एकाचा प्रश्न संपणं आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू होणं यांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकंच अंतर निघालं. जपानी माणसं त्याहून चपळ, डेन्मार्कची जरा सावकाश. मराठी त्या दहांत नव्हती, पण एसटीच्या रांगेत उभं राहिलं तर आपण मागे नसू असंच वाटतं. एवढ्या वेळात वाक्य जुळवता येत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपली जुळवाजुळव सुरू झालेली असते. ती अजिबात बंद करा म्हणणं निरर्थक. करण्यासारखी गोष्ट एवढीच, की त्याचं वाक्य पूर्ण झाल्यावर एक श्वास घ्यायचा. त्या श्वासात तो पुष्कळदा पुन्हा बोलायला लागतो, आणि दुसऱ्यांदा जे बोलतो ते जास्त खरं असतं. मराठीत तर वाक्य पूर्ण ऐकायला आणखी एक सबब आहे. आपला ‘नाही’ शेवटी येतो. ‘मी ती नोकरी सोडणार’ इथवर ऐकून बाप कडाडला, तर मुलाचा ‘नाहीये’ घशातच राहतो, आणि मग तो खरोखर सोडायचा विचार करू लागतो.

गप्प बसणं म्हणजे मात्र ऐकणं नाही. नातवाला गोष्ट सांगणारी आजी हुंकार मागते. हुंकार थांबला की गोष्ट थांबते, पोर झोपलं. गोंधळात आणि पोवाड्यात तर हे काम माणसं नेमून केलेलं असतं. म्होरक्या दम घेतो तेवढ्यात झीलकरी ओळ उचलून धरतात, आणि त्यांनी ढिलाई केली तर म्होरक्याचाही रंग उतरतो. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली नेमकं हेच प्रयोगाने दाखवलं. लोकांना आपण थोडक्यात कसे बचावलो त्याचा प्रसंग सांगायला सांगितला. समोर बसलेल्या काही श्रोत्यांना गुपचूप एक वेगळंच काम दिलं होतं, बोलण्यात एका ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द मोजण्याचं. ही मंडळी बोलणाऱ्याकडेच पाहत होती, मध्ये बोलत नव्हती, पण गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. त्यांच्यासमोर सांगणाऱ्यांची गोष्ट बिघडली. विशेषतः शेवट. माणसं अडखळली, तेच तेच पुन्हा सांगू लागली, गोष्ट सांगण्यासारखी का आहे याची सफाई देऊ लागली.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण घरातली एक जुनी तक्रार तो उलटी करतो. ‘बाबा तेच तेच सांगतात, पाल्हाळ लावतात.’ लावत असतील. पण कदाचित ते बरीच वर्षं मोबाइलमधून मान वर न करणाऱ्या माणसांना सांगत आलेत, म्हणून त्यांची गोष्ट अशी झाली असेल. याची परीक्षा घेता येते. पुढच्या वेळी बाबा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याचं सांगायला लागले की ‘हो, माहितीये’ असं म्हणू नका. कधीच न विचारलेलं काहीतरी विचारा. हजेरी कोण मांडायचं? सुकडी मिळायची ती तिथेच खावी लागायची की घरी नेऊ द्यायचे? आजीही कामावर यायची का, मग धाकट्या आत्याला कोण सांभाळायचं? त्याच गोष्टीत न ऐकलेली माणसं निघतील. नाहीच निघाली, तर तक्रार खरी होती असं समजा. चार प्रश्नांपलीकडे काही गेलं नाही.

हुंकाराचीही नक्कल करता येते, हे फोनवर सगळ्यांना जमतं. ‘हं... हं हं... हं.’ जागा पाहून दिलेला एक हुंकार बोलणाऱ्याला चाल देतो. एकामागोमाग झटपट दिलेले तीन हुंकार म्हणजे आटप. पलीकडच्याला ते बरोबर कळतं.

आता पाहुण्यांकडे येऊ, कारण आपल्याकडे खरी गोष्ट सांगायची एक ठरलेली वेळ आहे, आणि नेमकी तिथेच आपण चुकतो. चुलत भाऊ घरी येतो. पाणी होतं, चहा होतो. पाऊस, कांद्याचा भाव, समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचे पैसे कोणी कसे उडवले, असं सगळं होतं. तासाभराने तो उठतो, पायात चपला सरकवतो आणि मग उंबऱ्यात उभं राहून म्हणतो, ‘ते पोरीचं जरा... बघू, येतो.’ तो आला होता ते या अर्ध्या वाक्यासाठी. बाकीचा तास ते बाहेर काढायचं बळ गोळा करण्यात गेला. आपण ‘बरं बरं, या परत’ म्हणून दार लावलं तर तो तासही वाया गेला.

डॉक्टरांना हा अनुभव रोजचा आहे. पेशंट दाराच्या कडीला हात लावून खरी तक्रार सांगतो. त्याचं एक कारण डॉक्टरांच्याच बाजूला असतं. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये ७४ तपासण्यांच्या ध्वनिफिती ऐकल्या. पेशंटने सांगायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये पडले होते. पहिली तक्रार हीच मुख्य असं धरून ते पुढे गेले होते. आपण दवाखाना चालवत नसलो तरी घरी हेच करतो. पोरगी म्हणते, ‘मला क्लासला नाही जायचं.’ आपण लगेच फी, दहावी, वर्गातली अमकी कशी पुढे गेली हे काढतो. क्लासच्या वाटेवर कोणी त्रास देतंय का, ही गोष्ट तिच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यात होती. तिथवर तिला जाऊच दिलं नाही.

यावर करायचं ते अगदी साधं. पाहुण्याला पोहोचवायला फाटकापर्यंत जा, गाडीला किक मारेपर्यंत उभे राहा. शक्य असेल तर तो उठायच्या आधीच वाट मोकळी करा. ‘बाकी सगळं ठीक ना?’ असं विचारू नका. त्याला ‘हो’ शिवाय उत्तर देणं अवघड. ‘आणखी काय मनात आहे?’ असं विचारलं तर निदान काहीतरी आहे, हे आपण धरून चाललोय असं त्याला दिसतं. प्रश्न कसा केला यावर माणूस किती सांगतो हे ठरतं, असं अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांबरोबर २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगातही दिसलं होतं. पहिली तक्रार ऐकल्यावर विचारलेल्या प्रश्नातला एकच शब्द बदलल्यावर मनात ठेवून परत जाणाऱ्या पेशंटांचं प्रमाण लक्षणीय कमी झालं.

समोरासमोर बसवून ‘बोल, काय ते सांग’ म्हटलं की मात्र बऱ्याच जणांची वाचा बसते. विशेषतः पुरुषांची आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची. सिन्नर एके काळी विडीच्या धंद्यासाठी नावाजलेलं, आणि विड्या वळणाऱ्या बायका एकत्र बसल्या की काय होतं हे इथल्या जुन्या गल्ल्यांना ठाऊक आहे. मांडीवर सूप, सुपात कापलेली टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू. नजर हातावर, हात कामात, कान मोकळे. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, काम पाठ मोडणारं. त्याचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण त्या बसण्यात एक सोय होती. सांगणारीला कोणाच्या डोळ्यांत पाहावं लागत नव्हतं, आणि गप्प झाली तरी हात चालू असल्यामुळे ती गप्प झाल्याचं कोणाला खुपत नव्हतं. ही सोय आजही करता येते. मुलाशी बोलायचं असेल तर त्याला मोटारसायकलवर मागे बसवून, नाहीतर त्यालाच चालवायला देऊन, मळ्यापर्यंत चला. कांदे निवडताना, मेथी तोडताना, गोंदेश्वर मंदिराच्या आवारात फेऱ्या मारताना बोला. शेजारी शेजारी असलेल्या माणसांच्या बोलण्यात थांबे पडले तरी कोणाला अवघडल्यासारखं होत नाही, आणि खरी वाक्यं थांब्यानंतर येतात.

शिफ्टवरून आलेल्या माणसाबद्दल वेगळं सांगायला हवं. मुसळगाव किंवा माळेगावच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून आलेला माणूस दारात पाऊल टाकतो तोच त्याला दिवसभराचं सगळं सांगायचं, हा सांगणाऱ्याचाही अन्याय आहे. तेव्हा त्याने खोटं ‘हं’ म्हणण्यापेक्षा ‘आत्ता डोकं चालत नाही, झोपून उठलो की सांग’ असं सरळ म्हणावं. अट एकच, उठल्यावर विषय त्याने स्वतः काढायचा. पुन्हा बायकोलाच आठवण करून द्यावी लागली तर ती ‘नंतर’ टाळाटाळच होती.

त्याच वसाहतीमुळे एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ‘आमचे हे ऐकतच नाहीत’ या तक्रारीतल्या काही घरांत ‘ह्यांना’ खरोखर ऐकू येत नसतं. पॉवर प्रेस, ग्राइंडिंग, फॅब्रिकेशन यांच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्यावर कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी हळूहळू निकामी होतात. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या कामाला ९० डेसिबलची मर्यादा आहे. त्याखाली, ८५ च्या आसपासही, दीर्घकाळ राहिल्यास कानाला धोका असतो असं आरोग्याचे तज्ज्ञ मानतात. शेजारी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज धोक्याच्या पट्टीत आहे, असं समजायला हरकत नाही. या बहिरेपणाची चाल फसवी असते. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे बायकांचे आणि लहान मुलांचे. मित्राचा घोगरा आवाज नीट ऐकू येतो, बायकोचं बोलणं ‘पुटपुटल्यासारखं’ वाटतं. मग घरात भांडण होतं की बाहेरच्यांचं बरं ऐकू येतं! टीव्हीचा आवाज वाढत चालला, फोन कायम एकाच कानाला लागू लागला, चार माणसांत बसल्यावर माणूस उगाच हसू लागला, तर स्वभावाची चर्चा बाजूला ठेवून कान तपासून घ्या. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, खासगीतही ऑडिओमेट्री होते. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. श्रवणयंत्राची मदत होते, आणि उरलेली श्रवणशक्ती इअरप्लगने राखता येते. प्लग खिशात ठेवून त्याचा उपयोग होत नाही, हे कामगारांना सांगायला नको, पण सांगतो.

आणि अशा माणसाशी बोलताना स्वयंपाकघरातून हाका मारू नयेत. समोर यावं, चेहऱ्यावर उजेड असावा, ओरडण्यापेक्षा सावकाश बोलावं.

चार भिंतींबाहेर ऐकण्याची खरी कसोटी पाण्यावर लागते. सिन्नर तालुक्यात देवनदीवरचे जुने वळणबंधारे आणि त्यांचे पाट ‘युवा मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा वाहते केले, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पाट वाहता झाला की पाळीचा प्रश्न येतो, आणि पाळीच्या बैठकीत सर्वांत कमी ऐकला जातो तो टेलचा, म्हणजे पाटाच्या शेवटाकडचा शेतकरी. राज्याच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांना जागा ठरवून दिल्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हीही कायद्यातलीच तरतूद. दोन्हींमागची समज एकच, की ज्याचा आवाज मधल्या गोंगाटात बुडतो त्याला आधी जागा करून द्यावी लागते. पण खुर्ची कायद्याने मिळते. त्या खुर्चीवरचा माणूस बोलायला लागला की बाकीचे तंबाखू मळायला घेतात, त्याला कायदा काय करणार?

अशा बैठकीसाठी, आणि भावांच्या वाटणीसाठीही, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलेला एक नियम आहे. वाद चालू असताना कोणीही आपलं म्हणणं मांडण्याआधी, आधीच्या माणसाचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं सांगून दाखवायचं. मगच आपलं. हा नियम ऐकायला बाळबोध वाटतो आणि पाळायला घाम फोडतो. फक्त आपल्या भाषेत तो जसाच्या तसा वापरू नका. ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय की...’ याला आपल्याकडे कोर्टाचा वास येतो, आणि पुढे टोमणाच येणार असं माणूस धरून चालतो. त्यापेक्षा त्याच्या बोलण्यातला तपशील उचला. ‘तुझी पाळी रात्रीची येते, त्यात लाइट जाते, आणि पहाटेपर्यंत निम्मं वावर राहतं. बरोबर?’ तपशील बरोबर आला की तो माणूस सैल होतो. चुकला तर तो दुरुस्त करतो, आणि ती दुरुस्ती हीच बैठकीची कमाई. अध्यक्षाने एवढं जरी केलं, की टेलवाल्याचं म्हणणं हेडवाल्याच्या तोंडून वदवून घेतलं, तरी पुढचं भांडण निदान खऱ्या मुद्द्यावर होईल.

सगळ्यांचं सगळं ऐकायचं, असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. रोज येऊन तिसऱ्याची उणीदुणी काढणारा, दारू पिऊन तीच शिवी चाळीसदा देणारा, ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं असं समजणारा, यांच्यासाठी कानाला दार हवं. ‘हे मला ऐकायचं नाही’ असं स्पष्ट सांगता येणं हाही ऐकणाऱ्याचा हक्क आहे. घरात ज्यांना गेली वीस वर्षं नुसतं ऐकावंच लागलंय, त्यांनी तर हा हक्क आधी वापरावा.

ज्याच्या नावापुढची जागा रिकामी राहते त्याच्यापासून सुरुवात करा, आणि गाजावाजा न करता करा. ‘आजपासून मी तुझं नीट ऐकणार आहे’ असं जाहीर केलं की समोरचा सावध होतो. न सांगता केलं तरी पहिले काही दिवस संशय येणारच. ‘आज काय विशेष? पैसे लागतायत का?’ असंही विचारलं जाईल. ज्याला ऐकून घेतलं जायची सवय नाही, तो पहिल्या दिवशी मन मोकळं करत नाही. आधी तो बिनमहत्त्वाच्या चार गोष्टी सांगून पाहतो. त्या चार गोष्टी लक्ष देऊन ऐका, पाचवी त्यांच्यावर अवलंबून असते.

महिनाभराने एकदा घरातल्या लहान पोराला विचारा. मोठी माणसं भीड धरतात, नऊ-दहा वर्षांचं पोर धरत नाही. ‘मी तुझं ऐकतो ना?’ असं विचारलं तर ते ‘हो’ म्हणून खेळायला पळेल. ‘मी कधी तुझं ऐकत नाही?’ असं विचारा. उत्तर बहुधा वेळ-ठिकाणासकट येईल. जेवताना बातम्या लागल्या की, गाडी पुसताना, मामाचा फोन आला की. ते ऐकताना ‘अरे, पण त्या दिवशी मी...’ हे वाक्य जिभेवर येईलच. ते तिथेच ठेवा आणि विचारा, ‘अजून कधी?’